व्हेपची बातमी वाचलीत? आत काय होतं ते आधी विचारा

गेल्या अंकात ई-सिगरेटवर एक छोटं टिपण छापलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांनी सोबत कुठली ना कुठली बातमी जोडलीय, कुणी पेपरचं कात्रण, कुणी चॅनलचा स्क्रीनशॉट, कुणी फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड. सगळ्या ओळीनं वाचल्या तर कुणीही गोंधळेल, कारण एकीत व्हेप, म्हणजे ही ई-सिगरेटच, विष आणि दुसरीत व्हेप म्हणजे नुसती वाफ. मी छातीच्या आजारांची डॉक्टर आहे, ओपीडीत समोर बसलेल्या माणसाला जे सांगते तेच इथे लिहितेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा अकरावीत आहे. परवा त्याची बॅग धुवायला काढली तर आतल्या कप्प्यात हायलाइटर पेनसारखं काहीतरी सापडलं, त्याला आंब्याच्या गोळीसारखा वास येतो आणि बारीक अक्षरांत ५% असं लिहिलंय. विचारलं तर म्हणाला मित्राचं आहे. नणंदेनं लगेच बातमी पाठवली की अमेरिकेत व्हेपमुळे ६८ जण फुप्फुसं निकामी होऊन गेले. मिस्टर म्हणतात, अगं वाफच आहे ती, आम्ही कॉलेजात सिगरेटी ओढल्याच ना. मला झोप लागत नाही. त्याच्या फुप्फुसांना काही झालं असेल का? (एक आई, चिंचवड)

उत्तर : ताई, मुलाला धाप लागत नसेल, ताप-खोकला नसेल, खाणंपिणं-खेळणं नेहमीसारखं असेल तर एवढं घाबरून जाऊ नका. नणंदेची बातमी आणि मिस्टरांचं म्हणणं, दोन्हीत थोडं थोडं खरं आहे आणि दोन्ही जसंच्या तसं धरून चाललात तर नुकसान मुलाचंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

६८ हा आकडा खरा आहे. २०१९ च्या ऑगस्टपासून अमेरिकेत चांगली धडधाकट तरुण मुलं खोकला, धाप, उलट्या, ताप घेऊन हॉस्पिटलात यायला लागली, एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंची फुप्फुसं पांढरी दिसायची, इन्फेक्शन म्हणावं तर कुठला जंतू सापडेना, काहींना थेट व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. सगळ्यांत समान गोष्ट एवढीच की सगळे व्हेप ओढणारे होते. आजाराला एव्हाली असं नाव मिळालं आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं फेब्रुवारी २०२० पर्यंत हॉस्पिटलात दाखल झालेले किंवा दगावलेले मिळून २,८०७ जण मोजले, त्यातले मृत्यू ६८.

आता जे बातमीतून गळलं ते सांगते. डॉक्टरांनी पेशंटच्या श्वासनळीतून दुर्बीण घातली, फुप्फुसाच्या एका भागात थोडं सलाइन सोडलं, ते परत ओढून घेतलं आणि ते पाणी लॅबला पाठवलं. ५१ पेशंटपैकी ४८ जणांच्या त्या पाण्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी लोकांत एकाच्याही पाण्यात नाही. हे व्हिटॅमिन ई क्रीममध्ये असतं, गोळ्यांमध्ये असतं, कातडीवर किंवा पोटात गेलं तर त्रास नाही, पण तापवून फुप्फुसात ओढायची ती वस्तूच नव्हे. मग ते तिथे गेलं कसं? तर गांजाचं तेल महाग असतं, काळ्या बाजारात त्याच्या कार्ट्रिज, म्हणजे व्हेपमध्ये बसवायच्या नळ्या, भरणाऱ्यांना ते पातळ करून विकायचं होतं पण दिसायला दाटच हवं होतं, म्हणून त्यांनी त्यात हे व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलं. ज्या पेशंटांची पूर्ण माहिती मिळाली त्यातल्या ८२ टक्क्यांनी गांजातला नशेचा घटक, म्हणजे टीएचसी असलेलं काहीतरी ओढल्याचं सांगितलं. १४ टक्के म्हणाले आम्ही फक्त निकोटिनच ओढलं, त्यातले किती खरं बोलत होते हा प्रश्न आहेच कारण जिथे गांजा बेकायदा आहे तिथे पोरं आईबापांसमोर कबूल करत नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये साधारण ३६ लाख लोक व्हेप वापरत होते, तिथे अशी साथ आली नाही, आणि तिथल्या नियमांनुसार व्हेपच्या लिक्विडमध्ये व्हिटॅमिनं घालायलाच बंदी आहे.

पण हा शोध लागायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडला आणि तोवर ऑगस्ट-सप्टेंबरच्या हेडलाइन्स जगभर फिरून झाल्या होत्या, 'व्हेपमुळे मृत्यू', एवढंच. सुरुवातीला सीडीसीनंही सगळ्याच ई-सिगरेटपासून लांब राहा असं म्हटलं होतं, कारण माहीत नसताना ते योग्यच होतं, पुढे जानेवारी २०२० मध्ये त्यांनी तो सल्ला बदलून रोख टीएचसीच्या आणि अनोळखी माणसाकडून घेतलेल्या मालाकडे वळवला. ही दुरुस्ती तुमच्या नणंदेच्या ग्रुपवर आली नसणार. बहुतेक कुणाच्याच नाही आली.

याचा अर्थ तुमच्या घरात सापडलेली कांडी निर्धोक आहे का? अजिबात नाही, उलट मला तिची जास्त काळजी वाटते. आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगरेट बनवायला, आणायला, विकायला बंदी आहे, म्हणजे जी काही मिळते ती सगळी चोरट्या वाटेनं आलेली, तिच्यात काय भरलंय हे कुणी तपासलेलं नाही, लेबलवर जे लिहिलंय ते फक्त छापणाऱ्याला माहीत. एव्हाली झाला तो अशाच न तपासलेल्या मालातून.

आणि मिस्टरांना हे वाचून दाखवा. ती पाण्याची वाफ नसते, प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून झालेले बारीक थेंब असतात, त्यात फ्लेवर आणि निकोटिन. लेबलवरचं ५% म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. ब्रिटनमध्ये जिथे व्हेप कायदेशीर आहे तिथे कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे तुमच्या मुलाच्या हातातलं तिथल्या मोठ्या माणसांनाही विकता येणार नाही. मिस्टर कॉलेजात ओढायचे त्या सिगरेटचा पहिला झुरका घशाला लागायचा, ठसका यायचा, त्यामुळे बरीच पोरं तिथेच थांबायची. यात निकोटिन सॉल्टच्या रूपात असतं, ते घशाला लागत नाही, वर आंब्याचा वास, म्हणून कितीही ओढलं जातं आणि सवय लागलीय हे पोराला कळेपर्यंत लागून झालेली असते. सतरा वर्षांच्या मेंदूला निकोटिन फार लवकर धरतं. मला तुमच्या मुलाची भीती आहे ती या सवयीची.

त्याच्याशी बोलताना मरशील वगैरे म्हणू नका. त्याचे पाच मित्र रोज ओढतात आणि धडधाकट आहेत हे तो बघतोय, त्यामुळे तुमचं एक वाक्य खोटं ठरलं की पुढचं खरं असलं तरी तो ऐकणार नाही. सकाळी उठल्या उठल्या ओढावीशी वाटते का, नाही मिळाली तर चिडचिड होते का, लेक्चरला लक्ष लागत नाही का, एवढं शांतपणे विचारा. हो म्हणाला तर ओरडू नका, डॉक्टरकडे घेऊन या. आणि कधीही खोकला, धाप, ताप, उलट्या असं एकत्र झालं तर त्याच दिवशी दाखवा आणि काय ओढलं होतं ते डॉक्टरांना खरं खरं सांगायला लावा, तुम्ही खोलीबाहेर थांबावं लागलं तरी चालेल.

प्रश्न : वय ४६, वीस-बावीस वर्षं सिगरेट ओढतो, दिवसाला दहा-बारा. गेल्या वर्षी लंडनला भावाकडे गेलो होतो, तिथे डॉक्टरच लोकांना सिगरेट सोडायला व्हेप सुचवतात म्हणे. मीही विचार करत होतो पण मग इथे वाचलं की व्हेप सिगरेटपेक्षा घातक. मग म्हटलं दोन्ही सारखंच असेल तर आपली सिगरेट काय वाईट. बरोबर केलं ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही दादा. आणि तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण अर्धवट बातमीची किंमत तुम्ही मोजताय, ज्यानं ती छापली तो नाही.

सिगरेटमधलं मारक काय आहे ते आधी बघा. निकोटिन सवय लावतं, पण कॅन्सर, हार्ट अटॅक, सीओपीडी म्हणजे कायमची धाप लावणारा फुप्फुसाचा आजार, यातलं बहुतेक काम पानं जळताना होणाऱ्या धुरातलं आहे, टार, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून टार नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळपास नाही. बाकी काही घातक पदार्थ असतात, पण नेमानं बनवलेल्या व्हेपमध्ये त्यांचं प्रमाण सिगरेटच्या मानानं खूपच कमी असतं. त्यामुळे 'सिगरेटपेक्षा घातक' हे म्हणणं टिकत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा आकडाही तुम्ही लंडनला ऐकला असेल, व्हेप ९५ टक्के कमी घातक. तो पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेच्या २०१५ च्या रिपोर्टमुळे गाजला. तो कुठून आला हेही माहीत असावं. थोड्या तज्ज्ञांनी एकत्र बसून निकोटिनच्या १२ वस्तूंना घातकपणाचे मार्क दिले होते, सिगरेट सगळ्यात वर, व्हेप अगदी खाली, ते २०१४ मध्ये छापून आलं. म्हणजे तो तज्ज्ञांचा अंदाज होता, वीस वर्षं माणसांच्या मागे राहून मोजलेलं काही नाही, आणि लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलनं तेव्हाच अग्रलेख लिहून त्यावर टीका केली होती. नंतरच्या रिपोर्टांनीही सिगरेटपेक्षा धोका बराच कमी असं म्हटलंय, पण सोबत हेही की व्हेप निर्धोक नाही आणि जो सिगरेट ओढतच नाही त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. कंपन्यांनी मात्र ९५ हा आकडा आयएसआय मार्कासारखा वापरला.

तुमच्यासारखा विचार करणारे तुम्ही एकटे नाही. इंग्लंडमधल्या सिगरेट ओढणाऱ्यांना २०२३ मध्ये विचारलं तेव्हा ५७ टक्के म्हणाले की व्हेप सिगरेटइतकंच किंवा जास्त घातक आहे, कमी घातक म्हणणारे फक्त २७ टक्के. ज्या देशात सरकार स्वतः उलटं सांगतंय त्या देशात हे. आणि तिथेच ८८६ लोकांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये छापून आली, अर्ध्यांना व्हेप दिलं, अर्ध्यांना निकोटिनचे गम-पॅच वगैरे, वर्षानंतर व्हेपवाल्यांतले १८ टक्के सिगरेटपासून सुटले होते, गम-पॅचवाल्यांतले ९.९ टक्के. मात्र सुटलेल्या व्हेपवाल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, हेही त्याच चाचणीत आहे. दोन्ही वाक्यं एकत्र छापलेली बातमी मला फार क्वचित दिसली.

पण तुम्ही ठाण्यात आहात. इथे व्हेप विकणं गुन्हा आहे आणि तपासलेला माल मिळत नाही, म्हणून मी तुम्हाला तो घ्या असं म्हणणार नाही. तसं म्हणायची गरजही नाही कारण सिगरेट सोडायची औषधं इथे कायदेशीर आहेत. निकोटिनचे पॅच आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या आहेत, आणि २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतं. गमबद्दल एक सांगते कारण माझे निम्मे पेशंट ते च्युइंगगमसारखं चघळतात, मळमळतं, उचकी लागते आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणून फेकून देतात. ते सावकाश सात-आठ वेळा चावायचं, जिभेला चुरचुरलं की थांबायचं आणि गालाच्या आत हिरडीला लावून ठेवायचं, चुरचुर गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. निकोटिन गालातून आत जातं, गिळलं तर पोटात जाऊन वाया. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-लिंबू सरबत नको. आपल्या माणसाची सिगरेट चहाबरोबरच असते, तीच अडचण आहे, म्हणून निदान पहिले काही आठवडे टपरीवरचा चहा बंद करा, चहा घरी प्या.

सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६. मराठीत बोलतात. हार्टचा काही त्रास असेल किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर गोळ्यांआधी डॉक्टरांना भेटाच.

प्रश्न : आम्ही शाळेत 'व्हेपिंगमुळे पॉपकॉर्न लंग होतो' असं पोस्टर लावणार आहोत. माहिती बरोबर आहे का? (शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : मॅडम, हे पोस्टर नका लावू. हा आजार खरा आहे, यात फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना व्रण पडून त्या कायमच्या आकसतात. सन २००० मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये सापडला, लोण्याच्या वासासाठी वापरायच्या डायअ‍ॅसिटिलची वाफ रोज छातीत जाऊन. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना ५१ फ्लेवर्सपैकी ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडलं आणि तिथून ही बातमी सुटली. पण सिगरेटच्या धुरात डायअ‍ॅसिटिल त्याहून कितीतरी जास्त असतं, ब्रिटन आणि युरोपात व्हेपमध्ये ते घालायला बंदी आहे आणि ब्रिटनच्या कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेनं स्पष्ट लिहिलंय की व्हेपमुळे हा आजार झाल्याचा एकही पक्का पेशंट नाही. नववीतलं पोर हे दोन मिनिटांत शोधून काढेल आणि तुमचं बाकीचं पोस्टर कचऱ्यात जाईल. त्याऐवजी निकोटिनची सवय किती लवकर लागते ते लिहा. २०१९ च्या शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के मुलांनी तंबाखूचं काही ना काही वापरत असल्याचं सांगितलंय, ई-सिगरेट कधीतरी ओढून बघितलेली २.८ टक्के. म्हणजे पोस्टरवर गुटखा-मावा आधी हवा.

प्रश्न : २०१९ मध्ये वाचलं होतं की व्हेपिंगनं हार्ट अटॅकचा धोका दुप्पट होतो, मी ते कात्रण जपून ठेवलं होतं. आता नातू म्हणतो तो अभ्यासच मागे घेतला. मोठ्या जर्नलमध्ये छापलेलं मागे घेतात? मग सामान्य माणसानं विश्वास कशावर ठेवायचा? (निवृत्त बँक अधिकारी, नागपूर)

उत्तर : काका, नातवाचं बरोबर आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या जर्नलमध्ये जून २०१९ मध्ये तो पेपर आला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संपादकांनी तो मागे घेतला. तुम्ही आयुष्यभर खाती तपासलीत, तुम्हाला यातली चूक लगेच दिसेल. एका मोठ्या सर्वेक्षणात लोकांना विचारलं होतं, तुम्ही व्हेप ओढता का, आणि तुम्हाला आजवर कधी हार्ट अटॅक आला होता का. दोन्हीला हो म्हणणारे जास्त निघाले, त्यावरून संबंध लावला. पण अटॅक आधी की व्हेप आधी? त्याच सर्वेक्षणात तारखा होत्या आणि त्या बघितल्या तर काही लोकांना अटॅक व्हेप हातात धरायच्या आधीच येऊन गेला होता. एंट्रीची तारीख व्हाउचरच्या आधीची निघाली तर तुम्ही ते खातं पास केलं असतंत का? पेपर तपासणाऱ्यांनी लेखकांना हे नीट बघायला सांगितलं होतं, ते झालं नाही आणि तसाच छापून गेला. आणि अटॅक येऊन गेलेला माणूस सिगरेट सोडायला म्हणून व्हेपकडे वळतो, हे तर आपण रोज बघतो.

छापलं तेव्हा जगभर पहिल्या पानावर, मागे घेतलं तेव्हा आतल्या पानावर चार ओळी, त्याही मोजक्या पेपरांत. मला राग येतो तो याचा, चुका होणारच, पण दुरुस्ती त्याच आकारात छापा ना.

अशी आणखी उदाहरणं आहेत. २०१५ च्या जानेवारीत पोर्टलंडच्या संशोधकांचं एक पत्र छापून आलं, व्हेपमध्ये फॉर्मल्डिहाइड, कॅन्सरचा धोका सिगरेटच्या ५ ते १५ पट. मशिन ३.३ व्होल्टवर चालवलं तेव्हा ते सापडलंच नव्हतं, ५ व्होल्टवर सापडलं, जिथे बऱ्याच यंत्रांत आतली कापसाची वात करपते आणि चव इतकी जळकट होते की माणूस दुसरा झुरका घेत नाही. २०१९ मध्ये 'व्हेपनं कॅन्सर' अशी बातमी आली, ती उंदरांची होती, ४० पैकी ९ उंदरांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला, रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस, ५४ आठवडे व्हेपच्या धुक्याच्या पेटीत ठेवून. असे प्रयोग करायलाच हवेत, ते निरुपयोगी नाहीत. पण हेडलाइनमध्ये उंदीर हा शब्दच नसेल तर वाचणाऱ्याची फसवणूक होते.

तेव्हा विश्वास कशावर, तर कुठल्याही बाजूच्या एकाच अभ्यासावर नको. पैसा कुणाचा ते बघा. अमेरिकेत ज्यूल या व्हेप कंपनीचा ३५ टक्के हिस्सा २०१८ मध्ये मार्लबोरो विकणाऱ्या आल्ट्रियानं १२.८ अब्ज डॉलरला घेतला, त्यामुळे 'आम्ही लोकांच्या सिगरेटी सोडवतोय' असं त्या गोटातून आलं की मी दहादा तपासते. 'दुप्पट' लिहिलं असेल तर कशाच्या दुप्पट, एकाचे दोन की शंभराचे दोनशे. माणसं की उंदीर की मशिन. आणि सगळ्यात आधी, तुलना कशाशी केलीय, सिगरेटशी की काहीच न ओढणाऱ्याशी. या एका प्रश्नावर निम्म्या बातम्या उलटतात. आणि हो, पेपर मागे घेतला म्हणून व्हेप हार्टला चांगलं असा अर्थ कुणी काढू नका, निकोटिननं नाडी आणि बीपी वाढतंच, ज्याला आधीच हार्टचा त्रास आहे त्यानं नाद करू नये.

प्रश्न : ताई, मी फक्त पार्टीत ओढतो, तेही निकोटिन-फ्री. मग तर कायद्यात बसतं ना? (विद्यार्थी, वय १९, कोल्हापूर)

उत्तर : नाही रे. २०१९ च्या कायद्यात व्याख्याच अशी आहे की निकोटिन असो वा नसो, तापवून ओढायचं यंत्र म्हणजे ई-सिगरेट. तू ओढतोस त्याला वेगळी शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही, पण विकणं, आणणं, बाहेरून मागवणं याला पहिल्या वेळेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि माल साठवून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मित्रांसाठी चार कांड्या आणून वाटल्यास की तू यात आलास. दुबईहून येताना बॅगेत टाकून आणणं हीसुद्धा आयातच. आणि निकोटिन-फ्री हे कोण म्हणतंय, ज्यानं टपरीमागून विकली तोच ना? नाही ओढली की दोन दिवसांनी तुला चुकल्याचुकल्यासारखं होत असेल तर त्यात निकोटिन आहे असं समज आणि आत्ताच सोड, आत्ता सोपं जाईल.

प्रश्न : मी लंडनला असते, माहेर सातारा. माझा चुलतभाऊ व्हेप ओढतो म्हणून आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर गदारोळ चालला होता, रोज नवी बातमी. पण माझी आई चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते, त्याबद्दल कधीच कुणी काही बोललं नाही. मी बोलले तर म्हणते, तो काय धूर आहे का, दातांना बरं असतं. मी काय सांगू तिला? (एक वाचक)

उत्तर : ताई, हे पत्र तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला, कारण माझ्या मनात हेच चाललेलं असतं.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशात २६.७ कोटी मोठी माणसं तंबाखू वापरत होती, आणि ई-सिगरेट वापरणारी ०.०२ टक्के. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, पण खाणारे, मळणारे, लावणारे २४.४ टक्के, म्हणजे दर चार मोठ्या माणसांमागे जवळजवळ एक. आपल्या राज्याचा तंबाखूचा प्रश्न तोंडातला आहे आणि बातम्या मात्र वाफेच्या. मिसरीची बातमी होत नाही कारण त्यात नवं काही नाही, ती चुलीवरच्या तव्यावर भाजली जाते, डबी देवघराच्या फळीवर असते, आणि लावणारी बहुतेक घरातली बाईमाणसं, त्यांच्या तोंडात कोण डोकावतंय.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. कॅन्सर करणारे नायट्रोसमाइन्स तंबाखूच्या पानात आधीच असतात आणि भाजल्यानं करपलेल्या धुरातली काही घातक रसायनंही त्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं बिनधुराच्या तंबाखूला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. निकोटिन त्या यादीत नाही. हा फरक डॉक्टरांनाही माहीत नसतो, अमेरिकेत डॉक्टरांचं सर्वेक्षण झालं तेव्हा साधारण ८० टक्के डॉक्टर निकोटिननंच कॅन्सर होतो असं समजत होते. म्हणून आईला भीती दाखवताना निकोटिन वगैरे काढू नका, तंबाखूचं पानच हिरडीला घासतेस आई, एवढं सांगा. दातांना बरं वाटतं कारण निकोटिननं तरतरी येते आणि नाही लावली की डोकं जड होतं, शौचाला साफ होत नाही, मग लावली की बरं वाटतं. म्हणून ते औषध वाटतं. चाळीस वर्षांची सवय एका व्हिडिओ कॉलवर जाणार नाही, सकाळची ठेवा आणि संध्याकाळची आधी बंद करा असं सुचवा, मग सकाळचीही हळूहळू. आईला खोटी म्हणू नका, ती सासरी आली तेव्हा सासूनंच हातावर दिली असेल.

आणि एक तपासणी मात्र लांबणीवर टाकू नका. घरात जे कोणी असेल त्यांना सांगा, मोबाइलचा टॉर्च लावून आईच्या तोंडात बघा, ओठ बाहेर ओढून आतली बाजू, खालच्या हिरडीची पुढची बाजू जिथे ती मिसरी लावते ती, दोन्ही गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तिखट झोंबणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून सोडू नका, सुरुवातीला दुखतच नाही. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, तिथे तोंडाची तपासणी होते. वहिनी किंवा भाऊ कुणीतरी बरोबर जा, आणि मिसरी किती वर्षं, दिवसातून किती वेळा हे आई बोलली नाही तर तुम्ही सांगा.